भाग ३७ : कानात दडा – छिन्नी, ड्रिल आणि पुन्हा छिन्नी

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. जसं बोललो तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आजची सुरुवात माफीने.

मागच्या तीन भागांबद्दल बऱ्याच जणांनी कळवलं की हेडफोनमध्ये डावीकडून आवाज मोठा येतो. एका श्रोत्याने तर काळजीने विचारलं, "दादा, माइक बदलायला झालाय का?" माइक चांगला आहे. झालं असं, की एडिटिंग करताना दोन्ही बाजू मला सारख्या ऐकू याव्यात म्हणून मी डावी बाजू दर वेळी थोडी थोडी वाढवत गेलो. मला सारखं ऐकू येत होतं, तुम्हाला नाही. बिघाड यंत्रात नव्हता, माझ्या डाव्या कानात होता.

तोवर मी नुसता दडा बसलाय असं समजत होतो. अलिबागजवळच्या गावात वाढलेल्या मुलाला कानात पाणी जाणं काही नवीन नाही. डोकं वाकडं करायचं, एका पायावर चार उड्या मारायच्या, आतून कोमट पाणी ओघळलं की झालं. पण आता पाणी आत जायचं आणि दोन-दोन दिवस आतच राहायचं. वर्षभरात तीनदा कान ठणकला, वाहिला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, तेल कोमट करून दोन थेंब सोड. समुद्र तुला काय नवा आहे का रे?"

तेल सोडलं नाही ते बरं झालं. आणि समुद्र नवाच होता.

बीटेक झाल्यावर मला थेट जपानमध्ये नोकरी लागली. गेली सात वर्षं मी तोक्योच्या दक्षिणेला फुजिसावामध्ये राहतो. हा शोनान किनारा, सर्फिंगसाठी जपानभर प्रसिद्ध. पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला फळीवर उभं राहायला शिकवलं आणि मग ते वेड काही सुटलं नाही. उन्हाळ्यात पाण्यात गर्दी असते म्हणून मी मुद्दाम हिवाळ्यात जायचो. फेब्रुवारीत तिथलं पाणी १४-१५ अंशांवर असतं. अलिबागचा समुद्र ऐन थंडीतसुद्धा २४ अंशांच्या आसपास.

शेवटी घराजवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बारीक कॅमेरा कानात घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. जिथे कानाचा पडदा दिसायला हवा तिथे दोन पांढरट, चकचकीत उंचवटे एकमेकांकडे झुकलेले, आणि मधे बारीक चंद्रकोरीएवढी फट. मी विचारलं, "मळ आहे का?" ते म्हणाले, "हाड आहे." आणि त्यांचा पुढचा प्रश्न होता, "हिवाळ्यातही सर्फिंग करता का?"

या वाढीला वैद्यकात एक्झोस्टोसिस म्हणतात, सर्फिंगवाले 'सर्फर्स इयर' म्हणतात. माझा डावा कान दोन तृतीयांशाहून जास्त बंद झालाय, उजवा निम्मा. हे हाड कुठल्याही औषधाने विरघळत नाही. त्रास वाढला तर उपाय एकच, शस्त्रक्रिया. ती दोन तऱ्हांनी होते, डॉक्टर म्हणाले. ड्रिलने किंवा छिन्नीने. विचार करून सांगा.

छिन्नी! माझ्या डोळ्यांसमोर पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा माणूस आला. आजच्या काळात, तेही जपानमध्ये, माझ्या कानात छिन्नी-हातोडी?

आमच्या कामात कुठलाही जुना कोड बदलण्याआधी त्याचा इतिहास बघायची सवय असते. ही ओळ कोणी लिहिली, कधी, आणि कशाच्या त्रासाला उत्तर म्हणून. तेच मी कानाचं केलं. महिनाभर जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी जागा समजून घेऊ

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक. आतला दोन तृतीयांश हाडाचा. बाहेरच्या भागात बारीक केस आहेत, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आहेत, कातडी जरा जाड आहे. आतल्या भागात यातलं काहीच नाही. तिथली कातडी कागदासारखी पातळ आणि तिच्या खाली लगेच हाडाचं आवरण. आपलं हाड बाहेरच्या जगाच्या इतक्या जवळ फार कमी ठिकाणी येतं.

तिथे गार पाणी पुन्हा पुन्हा पोचलं की रक्तपुरवठा वाढतो, ते आवरण चिडतं आणि त्यातल्या पेशी नव्या हाडाचा एक पातळ थर घालतात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गार पाणी, पुन्हा थर. असं वर्षानुवर्षं. हा उंचवटा कापून पाहिला तर आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. हे थर लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचंय.

आता शेजारपाजार बघा. नळीच्या पुढच्या भिंतीला लागून जबड्याचा सांधा. मागच्या भिंतीच्या हाडातून चेहऱ्याची हालचाल चालवणारी नस खाली उतरते. तळाशी पडदा, आणि पडद्याला चिकटलेली तीन चिमुकल्या हाडांची साखळी. जागा करंगळीसुद्धा न शिरणारी. इथे हत्यार चालवायचं म्हणजे काय, याचा अंदाज आला असेल.

सगळ्यात जुने रुग्ण

'सर्फर्स इयर' हे नाव नवीन आहे, आजार नाही. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे निअँडरथल माणसाचा एक प्रसिद्ध सांगाडा सापडला. त्याच्या कानात अशी वाढ आहे. १९५७ मध्ये राल्फ सोलेकी यांना इराकच्या कुर्दिस्तानात, शनिदार गुहेत आणखी एक निअँडरथल सापडला. त्याला 'शनिदार १' म्हणतात. चेहऱ्यावर मार बसलेला, उजवा हात अधू, आणि दोन्ही कानांत हाडाची वाढ. एरिक ट्रिंकॉस आणि सेबास्तियाँ व्हियोत यांनी २०१७ मध्ये त्याच्या कानांचा नव्याने अभ्यास केला आणि मांडलं की त्याला ऐकायला बरंच कमी येत असणार. शिकारीवर जगणाऱ्या, एका हाताने अधू, बहिऱ्या माणसाला चाळिशीपर्यंत जगवणारी माणसं त्याच्या आजूबाजूला होती, असाही त्याचा अर्थ होतो.

२०१९ मध्ये ट्रिंकॉस आणि सहकाऱ्यांनी अशा ७७ प्राचीन माणसांचे कान तपासले. त्यातल्या २३ निअँडरथलांपैकी जवळपास निम्म्यांत ही वाढ होती. ही माणसं पाण्यात उतरून अन्न शोधत असावीत, हा त्यांचा मुख्य तर्क.

रोमची गंमत वेगळीच. रोमच्या बंदराजवळ इसोला साक्रा नावाची स्मशानभूमी आहे. तिथल्या सांगाड्यांवरचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या कानांत ही वाढ बऱ्याचदा दिसली, बायकांच्या कानांत नाही. संशोधकांनी बोट दाखवलं ते रोमन स्नानगृहांकडे. तिथे गरम पाण्यानंतर थंड पाण्याच्या कुंडात बुडी मारायची पद्धत होती.

म्हणजे कवटी हातात आली की या माणसाने गार पाण्यात बरेच दिवस काढलेत, एवढं कानाच्या नळीवरून सांगता येतं. मेल्यावरही.

संधिवातापासून गार पाण्यापर्यंत

आज 'गार पाणी' हे उत्तर सोपं वाटतं. पण ते सापडायला बराच काळ लागला.

जोसेफ टॉयन्बी हे व्हिक्टोरियन काळातले लंडनचे मोठे कर्णतज्ज्ञ. इतिहासकार आर्नल्ड जे. टॉयन्बी यांचे हे आजोबा. १८४९ मध्ये त्यांनी कानातल्या या हाडाच्या गाठींवर लिहिलं आणि दोष दिला संधिवाताच्या, गाउटच्या प्रकृतीला. त्या काळात न समजणाऱ्या बऱ्याच आजारांचा ठपका गाउटवर जायचा, त्यातलाच हा एक. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत आलेश हर्डलिचका यांनी स्मिथसोनियनच्या प्रचंड कवटीसंग्रहाच्या आधारे या वाढीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माहिती भरपूर होती, पण एकच एक कारण त्यातूनही पक्कं झालं नाही.

१९३८ मध्ये डच डॉक्टर व्हॅन गिल्स यांनी गार पाण्याचा धागा ठामपणे पकडला. त्यांचे रुग्ण पोहणारे होते. १९४२ मध्ये अमेरिकेत फाउलर आणि ऑस्मन यांनी गिनीपिगच्या कानात गार पाणी सोडून पाहिलं आणि तिथे नवं हाड तयार झालेलं दाखवलं.

मग १९८६ मध्ये गेल केनेडी या मानवशास्त्रज्ञ बाईंनी जगभरच्या कवट्यांची नोंद नकाशावर मांडली. ही वाढ मुख्यत्वे उत्तर आणि दक्षिण ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात दिसत होती. विषुववृत्ताजवळ कमी, कारण पाणी गरम. त्याहून वर उत्तरेला पुन्हा कमी, कारण पाणी इतकं गार की माणसं त्यात उतरतच नाहीत. किती सरळ आहे बघा. आजार व्हायला पाणी गार हवं, पण सोसवेल इतपतच गार.

आणि आता माझ्या आवडीचा पुरावा. चिलीच्या उत्तर टोकाला अरिका नावाचं शहर आहे. विषुववृत्तापासून अलिबाग उत्तरेला जितकं लांब, जवळजवळ तितकंच अरिका दक्षिणेला. दोघंही साधारण साडेअठरा अंशांवर. केनेडीबाईंच्या नियमाप्रमाणे दोन्हीकडे कान साफ हवेत. पण अरिकाच्या किनाऱ्यावर हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडून गार पाणी आणतो. तिथे हजारो वर्षांपूर्वी चिंचोरो लोक राहायचे, पाण्यात बुड्या मारून शिंपले आणि मासे काढायचे आणि आपल्या मृतांच्या ममी करायचे, इजिप्तच्याही आधी. १९९७ मध्ये स्टँडेन, अरियासा आणि सांतोरो यांनी त्या भागातल्या ११४९ कवट्या तपासल्या. किनाऱ्यावरच्या लोकांत ३०.७ टक्के कान वाढलेले. दरीत राहणाऱ्यांत २.३ टक्के. उंच डोंगरात एकही नाही.

म्हणजे मुद्दा अक्षांशाचा नव्हता, पाण्याच्या तपमानाचा होता. आईचं "समुद्र तुला काय नवा आहे का रे" इथे चुकतं. अलिबागच्या पाण्यात मी लहानपणापासून डुंबलो त्याने कानाला काही झालं नाही. सात जपानी हिवाळे मात्र नोंदवले गेले.

अंधारातली छिन्नी

आता शस्त्रक्रियेकडे वळू. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरची पहिली अडचण हत्याराची नव्हती. त्याला दिसायचंच नाही. नळी वाकडी, अरुंद, आणि उजेड खिडकीतून येईल तेवढा. १८४१ मध्ये हॉफमन नावाच्या एका जर्मन डॉक्टरने मधोमध भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरला. उजेड आरशावरून कानात टाकायचा आणि भोकातून बघायचं. १८५५च्या सुमारास अँटॉन फॉन ट्रॉल्च यांनी तो प्रचारात आणला. व्यंगचित्रांतल्या डॉक्टरच्या कपाळावर जो गोल आरसा असतो ना, तो हा.

भूल तोवर आली होती. १८४६ मध्ये ईथर, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. आणि हाडाला हत्यार म्हणजे छिन्नी-हातोडी. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले इथे हेर्मान श्वार्त्झ यांनी कानामागचं हाड छिन्नीने पद्धतशीर उघडायची रीत मांडली. कानामागे पू झालेल्या कितीतरी माणसांचे प्राण त्याने वाचले. पण कानाच्या नळीत तीच छिन्नी म्हणजे वेगळाच जुगार. या वाढीचं हाड इतकं टणक आणि पांढरं असतं की जुने इंग्रज डॉक्टर त्याला हस्तिदंती म्हणायचे. त्यावर जाड छिन्नी ठेवून ठोका मारला, ती सटकली, की पुढे पडदा किंवा मागे चेहऱ्याची नस. वाकडं झालेलं तोंड जन्मभर तसंच.

म्हणून ड्रिल आलं तेव्हा ते देवासारखं वाटलं असणार. १८७१ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी दंतवैद्यांसाठी पायाने चालवायचं ड्रिल आणलं. शिलाई मशीनसारखी पायपट्टी मारायची आणि वर टोक गरगर फिरायचं. त्याच दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले जॉर्ज फील्ड यांनी हे दाताचं ड्रिल कानातल्या हस्तिदंती गाठींवर वापरलं. दुसऱ्या खात्यातलं टूल उचलून आपल्या प्रॉब्लेमला लावायचं, आम्ही इंजिनिअर लोक रोज हेच करतो.

ड्रिल जिंकलं, पण किंमत होती

विसाव्या शतकात ड्रिल विजेवर आलं. न्यूयॉर्कचे ज्युलियस लेम्पर्ट यांनी १९३८ मध्ये बहिरेपणावरची आपली गाजलेली शस्त्रक्रिया मांडली आणि कानाच्या कामात ड्रिलला मानाची जागा मिळवून दिली. दिसण्याचा प्रश्नही हळूहळू सुटत होता. १९२१ मध्ये स्टॉकहोमला कार्ल-ओलोफ न्यूलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला, एका डोळ्याचा. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा आणला. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि पुढे जगभर पोचला.

सूक्ष्मदर्शक अधिक ड्रिल, ही जोडी कित्येक दशकं पक्की राहिली. पण फिरतं ड्रिल अरुंद नळीत सरळ घालणं अवघड. ती कागदासारखी कातडी टोकाभोवती गुंडाळली जाते आणि फाटते. म्हणून बरेच सर्जन कानाच्या मागे चीर देतात, कान पुढे वळवतात आणि तिरकं आत शिरतात. मग उंचवट्याच्या पोटात शिरून तो आतून पोखरायचा, कातडीच्या बाजूला अंड्याच्या टरफलाएवढं हाड ठेवायचं आणि शेवटी ते टरफल अलगद मोडून काढायचं. फार हुशार युक्ती आहे. कातडी वाचते, पडद्याला ड्रिल लागत नाही.

पण ड्रिलचा आवाज थेट हाडातून आतल्या कानात जातो. टोक चुकून त्या चिमुकल्या हाडांच्या साखळीला टेकलं तर ऐकण्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ड्रिल तापतं, पाणी मारत राहावं लागतं. कानामागची जखम भरायला वेळ लागतो. आणि हे सगळं कशासाठी, तर गव्हाच्या दाण्याएवढ्या हाडासाठी.

अंग गरम, कान उघडा

आता मधे थोडं समुद्रावर जाऊ, कारण रुग्ण तिथे तयार होत होते.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात दोन गोष्टी घडल्या. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनच्या पाणबुड्या सूटची कल्पना मांडली, आणि १९५२ मध्ये जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आपलं सर्फ दुकान उघडलं. पुढे ते सांता क्रूझला गेले आणि वेटसूट घराघरात पोचला. आधी गार पाण्यात माणूस थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर यायचा. आता तो तीन तास राहायला लागला, जानेवारीतसुद्धा. सूटने अख्खं अंग झाकलं, कान उघडेच ठेवले. केनेडीबाईंचा नियम आठवा. पाणी सोसवेल इतपतच गार हवं. वेटसूटने सोसवण्याची मर्यादा खाली आणली.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडमध्ये ९२ सर्फरांचे कान तपासले, ७३ टक्क्यांत वाढ होती. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या ३०७ सर्फरांत ७३.५ टक्के. पॅसिफिकच्या दोन टोकांना चारातले जवळपास तीन. जपानमध्येही १९८९ पासून यावर लिहिलं जातंय. माझा सहकारी, ज्याने मला शिकवलं, त्याच्या दोन्ही कानांची शस्त्रक्रिया झालेली आहे. मला ते आत्ता कळलं. त्याला वाटलं मला माहीत असेल.

पुन्हा छिन्नी

सांता क्रूझमध्ये असे कान रोजचेच. तिथले कर्णतज्ज्ञ डग्लस हेट्झलर यांनी २००७ मध्ये 'लॅरिंगोस्कोप' या नियतकालिकात आपली पद्धत सविस्तर मांडली. दोनशेहून जास्त कानांचा अनुभव. आणि हत्यार? छिन्नी. पण फक्त १ मिलिमीटर रुंदीची. कानामागे चीर नाही, सगळं काम नळीतूनच. कातडी आधी अलगद बाजूला उचलून ठेवायची, छिन्नी उंचवट्यावर टेकवायची, हलके ठोके मारायचे, आणि हाडाचे कपचे एकेक करून काढायचे. पडदा पूर्ण दिसायला लागला की कातडी परत जागेवर पसरवायची.

हे जमतं का, तर त्या थरांमुळे. लाकूड फोडणाऱ्याला विचारा, रेषेच्या बाजूने घाव घातला की ओंडका आपणहून उलगडतो. हे हाड थराथराने वाढलेलं आहे, म्हणून ते थराथराने सुटतं. ड्रिलला थराशी काही देणंघेणं नसतं, ते सरसकट दळतं. गार पाण्याने ते हाड ज्या रीतीने रचलं, बारीक छिन्नी त्याच रीतीने ते उकलते. कारण कळलं, रचना कळली आणि हत्यार लहान झालं.

मग जुनी छिन्नी बदनाम का झाली? मला वाटतं, दोष छिन्नीचा नव्हता, अंधाराचा होता. श्वार्त्झच्या काळातल्या माणसाकडे आरसा होता. हेट्झलर यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता. आता त्यात एंडोस्कोपची भर पडली आहे. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगरचनेमुळे बारीक नळीतूनही लख्ख चित्र मिळायला लागलं, आणि १९९०च्या दशकात मुआझ तराबिची यांच्यासारख्यांनी ते कानाच्या शस्त्रक्रियेत आणलं. सूक्ष्मदर्शक बाहेर उभा राहून सरळ रेषेत बघतो. एंडोस्कोप आत जाऊन वळणापलीकडे बघतो. दिसायला लागल्यावर जुनं हत्यारच सगळ्यात हलकं ठरलं.

पण थांबा, गोष्ट इतकी गोड नाही. छिन्नीलाही धोके आहेत. ठोक्याने गेलेली चीर नको तिकडे पसरू शकते, पडद्याला भोक पडू शकतं, मागच्या भिंतीत चेहऱ्याची नस जवळ असते. ड्रिल शिकवणारी रुग्णालयं बरीच, ही बारीक छिन्नी शिकवणारी कमी. काही सर्जन पुढच्या भिंतीला छिन्नी आणि मागच्या भिंतीला ड्रिल असं मिश्रण करतात. वाद अजून चालू आहे.

माझं काय ठरलं

इतकं वाचून मी डॉक्टरांकडे गेलो ते जवळजवळ छिन्नीचा प्रचारक होऊन. म्हटलं, सेन्सेई, मला छिन्नीच हवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोठ्या रुग्णालयातल्या ज्या सर्जनकडे पाठवणार होते त्यांना हेच विचारायला सांगितलं. पण प्रश्न थोडा बदलून: "तुम्ही स्वतः कुठल्या पद्धतीने सगळ्यात जास्त कान केलेत?"

त्या सर्जनबाईंनी सरळ सांगितलं. पुढची भिंत त्या छिन्नीने करतात, एंडोस्कोपने बघत, नळीतूनच. मागच्या भिंतीला बारीक ड्रिल. कानामागे चीर शक्यतो लागणार नाही, पण आत गेल्यावर गरज पडली तर देतील, आणि ती परवानगी आधीच घेऊन ठेवतील. मी माझं भाषण गिळलं आणि सही केली. इतिहास वाचून मला पद्धत निवडता येईल असं वाटत होतं. त्याने मला फक्त योग्य प्रश्न विचारता आला, आणि उत्तर आल्यावर ते कळलं. एवढंही पुष्कळ आहे.

डाव्या कानाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. उजव्याला सध्या हात लावायचा नाही. अशी वाढ असलेल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रिया कधीच लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्रास नसेल तर लक्ष ठेवायचं आणि कान गार पाण्यापासून जपायचा.

डब्लिन, मेलबर्न, कॅलिफोर्निया असे कुठून कुठून ऐकता तुम्ही. तिकडच्या गार पाण्यात पोहत असाल, सर्फिंग करत असाल, तर कानात प्लग आणि डोक्यावर निओप्रीनची टोपी, पहिल्या दिवसापासून. पाणी १९ अंशांच्या खाली गेलं की विशेष. प्लग माझ्याकडे सात वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होते. त्याने लाटेचा आवाज कमी येतो म्हणून घालत नव्हतो. हा विनोद मी रोज स्वतःला सांगतो. आणि कान वारंवार बंद होत असेल तर काडी घालू नका, तेल सोडू नका, डॉक्टरांना आत बघू द्या.

आईला सगळं समजावून सांगितलं. अरिका, अलिबाग, थर, छिन्नी. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि परत जाणार आहेस का त्या पाण्यात?" मी म्हटलं, जाईन, प्लग घालून. ती बराच वेळ काही बोलली नाही. शस्त्रक्रिया आतापर्यंतचे थर काढते, पुढचे थांबवत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

तर मंडळी, पुढचा भाग थोडा उशिरा येईल. तोवर एडिटिंग माझी धाकटी बहीण पुण्यातून करणार आहे, तिचे दोन्ही कान शाबूत आहेत. या भागात दोन्ही बाजू सारख्या ऐकू आल्या का, तेवढं नक्की कळवा. मला अजून नीटसं सांगता येत नाहीये.

भेटू. नमस्कार.